दोरी ओढून हात दुखला, तरी ग्रास कटर सुरू होईना? तालुक्याला नेण्याआधी एवढं घरीच बघा

गणपती गेले, पाऊस जरा उसंत घेतोय आणि आंबा-काजूच्या बागांत गवत छातीला लागलंय. आता घरोघरी माळ्यावरून, पडवीतून ग्रास कटर खाली उतरतील. आणि दरवर्षीप्रमाणे निम्मे तरी पहिल्या दिवशी सुरू होणार नाहीत.

आमच्या वाडीतल्या एका काकांची मागच्या वर्षीची गोष्ट. बेणणीला दोन गडी सांगितले होते. सकाळी सातला मशीन काढलं, दोरी ओढायला घेतली. काकांनी ओढली, गड्यांनी ओढली, शेजारच्या पोराने ओढली. नऊ वाजले. शेवटी रिक्षा करून मशीन तालुक्याच्या गावी दुकानात नेलं. दुकानदाराने मशीन हातात घेतलं, हँडलवरचं लाल बटण सरकवलं, दोरी ओढली आणि मशीन भुर्रकन सुरू. बटण बंदवर होतं. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, पण रिक्षाचं भाडं आणि दोन गड्यांची दिवसाची मजुरी गेली ती गेलीच.

हसू नका. हे बटण पाठीवर मशीन घेताना, फांदीला घासून, पोरांच्या हातून सहज सरकतं. म्हणून पहिली तपासणी तीच. बटण चालूवर आहे का, टाकीत पेट्रोल आहे का, आणि पेट्रोलची चावी असेल तर ती उघडी आहे का. हे तीन बघायला एक मिनिट लागतो.

आता हा लेख एवढा सविस्तर का, तेही सांगतो. गवत हिरवं असताना कापलं तर ते तिथेच कुजून झाडाला खत होतं. तेच डिसेंबरपर्यंत उभं राहिलं की वाळून चुलीतल्या कवळासारखं होतं. कोकणात वणवा लागतो तो या उभ्या वाळक्या गवतातून पळतो आणि पंधरा-वीस वर्षांची कलमं एका दुपारी होरपळतात. बागेच्या कडेने गवत काढून पट्टा मोकळा केलेला असेल तर आग तिथे अडते. काजूवाल्यांचं तर आणखी एक, झाडाखाली जागा साफ नसेल तर पडलेली बी गवतात दिसत नाही. ऐन हंगामात दुकानात मशीनची रांग लागते आणि आठ-आठ दिवस नंबर येत नाही. त्यातली बरीच मशीन अशा कारणाने आलेली असतात, जे घरी प्लगचा पाना आणि जुनं फडकं घेऊन दूर होतं.

हात लावण्याआधी

मशीन सपाट जागेवर ठेवा. ब्लेड कशालाही टेकलेलं नको. चोक लावून सुरू करताना बऱ्याच मशीनचा एक्सलेटर अर्धा उघडा असतो, त्यामुळे इंजिन पकडताच ब्लेड फिरायला लागतं. जवळ पोरंटोरं, कुत्रं कोणी नको. ब्लेडला हात लावायचा असेल, गुंडाळलेलं गवत काढायचं असेल, तर आधी प्लगची टोपी ओढून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंजिन गरम असताना टाकीत पेट्रोल ओतू नका, आणि ओतताना तोंडात विडी नको. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगतो.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. इंजिनला ऑइल ओतायचं वेगळं झाकण असेल, त्याला ऑइल मोजायची काडी असेल, तर ते फोर-स्ट्रोक. त्यात टाकीत नुसतं पेट्रोल आणि खाली वेगळं ऑइल. असं वेगळं झाकण नसेल तर ते टू-स्ट्रोक, त्यात पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. पाठीवरचे पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप बरेचसे टू-स्ट्रोकच असतात, त्यांनाही हाच नियम.

घोळ दोन्ही बाजूंनी होतो. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण ओतलं तर धूर येतो, प्लग काळा पडतो, पण मशीन वाचतं. टाकी रिकामी करा, प्लग साफ करा, झालं. टू-स्ट्रोकमध्ये मात्र नुसतं पेट्रोल ओतलं तर काही वेळातच पिस्टन घासून इंजिन जाम होतं, आणि तो खर्च ऐकून माणूस नवीनच मशीन बघायला लागतो. घरात दोन्ही प्रकारची मशीन असतील तर दोन वेगळ्या रंगाचे डबे ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

ऑइल किती टाकायचं ते मशीनच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. २५:१ असेल तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली, ४०:१ असेल तर २५ मिली, ५०:१ असेल तर २० मिली. औषधाच्या बाटलीसोबत येणारं मापाचं टोपण त्यासाठी उत्तम. "अंदाजाने दोन झाकणं" हा प्रकार सोडा. ऑइल जास्त झालं तर प्लग चिकट होऊन मशीन सुरू होत नाही, कमी झालं तर काय होतं ते वर सांगितलंच. आणि मिश्रण टाकीत नव्हे, बाहेर डब्यात करून, हलवून मग ओता. मिश्रण भरून मशीन बरेच दिवस उभं असेल तर वापरण्याआधी पुन्हा हलवून घ्या.

जुनं पेट्रोल हा खरा चोर

जानेवारीत काम संपलं, मशीन टांगून ठेवलं, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. सप्टेंबरला काढलं. बहुतेक मशीन इथेच अडतात.

पेट्रोल ठेवून ठेवून शिळं होतं. त्यातला लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. तो कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकात बसतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलचा स्वभाव असा, की ते हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात मीठ पाणी सुटून ओलं होतं, तिथे अर्धी रिकामी टाकी चार महिने राहिली तर काय होणार? पुरेसं पाणी ओढलं गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि इंजिनला पेट्रोल जातं ते तळातूनच. दोरी कितीही ओढा, पाण्याला ठिणगी काय करणार?

ओळखायचं कसं? टाकीतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत काढा, सावलीत अर्धा तास ठेवा. तळाला वेगळा थर दिसला, किंवा पेट्रोल गढूळ दिसलं, किंवा वास पेट्रोलपेक्षा रंगाच्या डब्यासारखा आला, तर ते टाकूनच द्या. विहिरीच्या आसपास किंवा वहाळात ओतू नका, गॅरेजवाल्याला नेऊन द्या. टाकी थोड्या ताज्या पेट्रोलने खळखळून धुवा, मग ताजं भरा. दोन महिन्यांपूर्वीचं पेट्रोल "वाया कशाला घालवायचं" म्हणून वापरणारे पुढे कार्बोरेटर सफाईला त्याच्या कितीतरी पट घालवतात.

पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतंय का?

कार्बोरेटरखाली पारदर्शक रबरी फुगा असतो, बोटाने दाबायचा. सुरू करण्याआधी तो सात-आठ वेळा दाबायचा असतो. दाबल्यावर फुग्यात पेट्रोल भरून आलं तर वाट मोकळी आहे. नुसती हवाच येत राहिली तर कुठेतरी नळीला चीर आहे किंवा नळी निसटली आहे. या बारीक रबरी नळ्या दोन-तीन वर्षांत कडक होतात, सांध्याशी तडकतात. बोटाने वाकवून बघा, तडा लगेच दिसतो. फुगा दाबल्यावर दबलेलाच राहिला, परत फुगायला वेळ लागला, तर टाकीतला फिल्टर तुंबलाय.

हा फिल्टर टाकीच्या आत नळीच्या टोकाला असतो. तारेचा आकडा करून झाकणाच्या तोंडातून तो बाहेर ओढता येतो. तार नळीत रुतवू नका, हळू ओढा. काळा, चिकट झाला असेल तर बदला. हा भाग स्वस्त असतो, एक जादाचा घरात ठेवायला हरकत नाही.

एक वेगळीच तक्रार असते. मशीन सुरू होतं, पाच-दहा मिनिटं छान चालतं आणि मग दम लागल्यासारखं बंद पडतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालतं. तेव्हा टाकीच्या झाकणाकडे बघा. झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की टाकीत हवा जात नाही, आणि हवा गेली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. खात्री करायला झाकण थोडं सैल करून मशीन उभ्यानेच चालवून बघा. सैल झाकणाने चालतंय म्हणून तसंच बागेत घेऊन जाऊ नका, पेट्रोल सांडून सायलेन्सरवर पडेल. भोक साफ करा किंवा झाकण बदला.

चोकचा गोंधळ

थंड इंजिनला चोक लावायचा, म्हणजे हवा बंद करायची. दोरी तीन-चार वेळा ओढली की "भुक्" असा एक आवाज येतो. तो आला की चोक काढायचा आणि पुन्हा ओढायची. इथेच लोक चुकतात. आवाज आला म्हणून हुरूप येतो आणि चोक लावलेल्याच स्थितीत आणखी वीस वेळा ओढतात. मग आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतो आणि मशीन सुरू व्हायचं नावच घेत नाही. याला आपल्याकडे "मशीन ओव्हर झालं" म्हणतात. जेवायला बसलात आणि अर्ध्या तासाने परत सुरू करताय, इंजिन गरमच आहे, तर चोक लावूच नका.

ओव्हर झालं तर बटण बंद करा. प्लगची टोपी काढा, पान्याने प्लग सोडवा. चोक काढा, एक्सलेटर पूर्ण दाबा आणि दोरी पाच-सहा वेळा ओढा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येईल, तोंड तिथे नेऊ नका. दहा मिनिटं तसंच उघडं ठेवा. प्लग फडक्याने पुसून, वाळवून परत बसवा आणि चोक न लावता ओढा.

प्लग सगळं सांगतो

डॉक्टर जीभ बघतो तसा प्लग बघायचा. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, तर पेट्रोल पोचतंय, दोष ठिणगीत किंवा चोकमध्ये. कोरडा खडखडीत, तर पेट्रोलच पोचत नाहीये, मागे जाऊन नळी आणि फिल्टर बघा. काळा आणि तेलकट, तर ऑइल जास्त किंवा हवेचा फिल्टर तुंबलेला. चांगल्या चाललेल्या इंजिनचा प्लग फिकट चॉकलेटी असतो.

काजळी बारीक पॉलिश पेपरने काढा, टोक कोरड्या फडक्याने पुसा. दोन टोकांमधलं अंतर साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागतं. गॅरेजवाल्याकडे ते मोजायची पट्टी असते, एकदा त्याच्याकडून बघून घ्या म्हणजे डोळ्याला सवय होते. पांढरी चिनी मातीची बाजू तडकली असेल तर साफसफाईत वेळ घालवू नका, नवा घ्या. घेताना जुना सोबत न्या, कारण लांबी वेगळी निघाली तर लांब प्लग आत पिस्टनवर आपटू शकतो.

ठिणगी तपासायची तर प्लग टोपीत बसवा आणि त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते आणि ठिणगी तिथेच पडली तर भडका उडेल. म्हणून आधी सांडलेलं पेट्रोल पुसा, टाकीचं झाकण घट्ट लावा. प्लग उघड्या हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. बटण चालूवर ठेवून दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. सावलीत निळसर, टचकन आवाज करणारी ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी आणि मरतुकडी असेल किंवा काहीच नसेल, तर आधी नवा प्लग लावून बघा.

नव्या प्लगलाही ठिणगी नसेल तर बटणाच्या वायरीवर संशय घ्या. माळ्यावर ठेवलेल्या मशीनची वायर उंदीर कुरतडतात. उघडी तार दांड्याला टेकली की बटण बंद केल्यासारखंच होतं. बटणाची वायर इंजिनजवळच्या जोडापाशी सोडवून पुन्हा ठिणगी बघा. आली, तर दोष वायरीत किंवा बटणात आहे, कॉइल चांगली आहे. मात्र अशी वायर सोडून मशीन बागेत नेऊ नका, कारण मग अडचणीच्या वेळी बटणाने ते बंदच होणार नाही. वायर सोडवूनही ठिणगी नसेल तर टोपी किंवा कॉइल, आणि तिथे मेकॅनिकच हवा.

हवा आणि कुंभारीण

हवेचा फिल्टर उघडायला एक स्क्रू किंवा चाप असतो. आत स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, पूर्ण वाळवा. मग दोन-चार थेंब इंजिन ऑइल लावून मुठीत दाबा म्हणजे पसरेल. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, फक्त झटकायचा. काही फोर-स्ट्रोक मशीन उलटं-सुलटं ठेवलं की ऑइल या फिल्टरमध्ये येतं, तेव्हा फिल्टर तेलाने थबथबलेला दिसला तर मशीन ठेवण्याची पद्धत बदला.

आणि सायलेन्सर. हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. कुंभारीण माशी भोक दिसेल तिथे मातीचं घर करते, हे आपल्याला दाराच्या कडीपासून नळाच्या तोटीपर्यंत सगळीकडे माहीत आहे. सायलेन्सरचं तोंड तिला फारच आवडतं. धूर बाहेर जायला वाट नसेल तर इंजिन सुरू होणार कसं? बॅटरी लावून आत बघा, माती असेल तर काडीने मोकळी करा. टू-स्ट्रोकला तिथे जाळी असेल तर ती काजळीनेही बुजते. तारेच्या ब्रशने साफ करा, पण काढून फेकू नका. ती ठिणग्या अडवते, आणि वाळक्या गवतात काम करणाऱ्याला तिची किंमत वेगळी सांगायला नको.

दुकानात कधी न्यायचं

दोरी ओढताना नेहमीसारखा जोर लागत नाही, सायकलचा पंप फुटल्यासारखी सैल जाते, तर आतला दाब गेलाय. रिंग, पिस्टन किंवा फोर-स्ट्रोक असेल तर वॉल्व्ह. दोरी हलतच नसेल तर आधी ब्लेडमध्ये काही अडकलंय का बघा (प्लगची टोपी काढून!), नसेल तर इंजिन जाम आहे, ताकद लावू नका. सगळं ठीक असून फक्त फुगा दाबल्यावर क्षणभर चालून बंद पडत असेल तर कार्बोरेटर आतून तुंबलाय. त्याच्या आत कागदासारखे पातळ पडदे असतात, पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या हातून ते फाटतात. वॉरंटी चालू असेल तर तिथे स्क्रूड्रायव्हर लावूच नका. कार्बोरेटरचे दोन बारीक स्क्रू "जरा फिरवून बघतो" म्हणून फिरवणाऱ्यांनी तर आधीच मेकॅनिकचा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवावा.

दुकानात गेल्यावर नुसतं "चालू होत नाही" म्हणू नका. "ताजं पेट्रोल घातलंय, ठिणगी येते, प्लग कोरडा राहतो" असं सांगितलंत की त्याचाही वेळ वाचतो आणि नको ते भाग बदलले जात नाहीत. बदललेला जुना भाग मागून घ्या.

एक गोष्ट मशीनच्या बाहेरची, पण इथेच सांगायला हवी. पेट्रोल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवून ती पडवीत, ओट्यावर ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. टू-टी ऑइल घातलं की ते रंगीत होतं आणि लहान मुलांना सरबत वाटतं. कोणी चुकून प्यालं तर उलटी करायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका. उलटी करताना पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जास्त धोका असतो. थेट दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा. पेट्रोलसाठी वेगळा डबा घ्या आणि तो कुलपाच्या खोलीत ठेवा.

हंगाम संपल्यावर टाकी पूर्ण रिकामी करा. मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्येही पेट्रोल राहत नाही. गार झाल्यावर प्लग काढून भोकात ऑइलचे चार-पाच थेंब सोडा, दोरी दोनदा सावकाश ओढा, प्लग परत बसवा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला आणि त्याचं लांब टोक बाहेर लोंबतं ठेवा, नाहीतर पुढच्या सप्टेंबरला तोच काढायला विसराल.